पुष्यातला अप्रमाणित तारा

फोटो इतका देखणा आला होता, की सुवर्णा जगदाळेनं तो आधी खगोल मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि मगच दुर्बीण आवरायला घेतली.

फेब्रुवारी सरत आला होता. त्या दिवसांत दहिवडीत दिवेलागण होऊन थोडा वेळ गेला, की पुष्य नक्षत्र गच्चीवरून छान वर आलेलं दिसतं. नुसत्या डोळ्यांना तो कर्क राशीतला एक धुरकट डाग. दुर्बिणीतून पाहिलं की त्या डागाचे शेकडो तारे होतात, सांडलेल्या साखरेसारखे. फोटोत ते सगळे होते. निळे, पांढरे, मधूनच एखादा नारिंगी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आजचं आकाश, तुमच्या गच्चीवरून. प्रमाणित.’

झाकण बसवायला म्हणून तिनं दुर्बिणीच्या तोंडाशी हात नेला, तर झाकण बसलेलंच होतं.

आधी तिला वाटलं, आपणच सवयीनं आत्ता बसवलं असेल. पण काढलेलं झाकण ती नेहमी पिशवीत टाकायची, आणि आज पिशवीची चेन उघडलेलीच नव्हती.

ती पुन्हा खाली बसली. झाकण तसंच ठेवून तिनं मोबाइलवरून यंत्राकडे मृगातला तेजोमेघ मागितला. आला. कृत्तिका मागितल्या. त्याही आल्या, भोवतीच्या निळसर धुक्यासकट. मग तिनं ते यंत्र लेकरासारखं कडेवर घेतलं, जिना उतरून स्वयंपाकघरात आणलं, ओट्यावर ठेवलं, झाकण काढलं आणि त्याचं तोंड छताकडे करून पुष्य मागितला. यंत्र जरा वेळ घुरघुरलं. मोबाइलवर पुन्हा तोच फोटो आला. आजचं आकाश, तुमच्या गच्चीवरून.

तिचा नवरा संग्राम फिरून घरी आला तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

“हे बघा,” ती म्हणाली. “तुमच्या या नभदीप यंत्रानं काढलेला आपल्या छताचा फोटो.”

संग्रामनं मोबाइल हातात घेतला आणि मान तिरकी केली. हायस्कूलात भूगोल शिकवून तो निवृत्त झाला होता. माणदेश खगोल मंडळ त्यानंच काढलं, वाढवलं, आणि अजूनही तोच अध्यक्ष होता. पण गेल्या काही वर्षांत त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. ज्याच्याकडे थेट पाहावं तेच दिसेनासं होई. कडेनं पाहिलं तर थोडंफार कळे.

“छान आलाय की,” तो म्हणाला.

“छान? अहो, हे ओट्यावर ठेवून काढलंय! वर पंखा आहे, पंखा!”

“झाकण काढायला तू विसरलीस, म्हणून एवढा राग?”

तिनं झाकणाबद्दल त्याला अजून एक शब्दही सांगितला नव्हता. पण त्या वेळी हे तिच्या ध्यानात आलं नाही. ती यंत्र उचलून तावातावानं बाहेरच्या खोलीत निघून गेली.

हे यंत्र घराघरांत शिरलं त्याला कारण आकाशच होतं. गेल्या काही वर्षांत पृथ्वीभोवती उपग्रहांची एवढी दाटी झाली होती, की कॅमेऱ्याचं शटर थोडा वेळ उघडं ठेवून ताऱ्यांचा फोटो घ्यावा, तर त्यावर पांढऱ्या रेघांची जाळी उमटे. सुरुवातीला यावर प्रामाणिक उपाय होता. एकाच जागेचे पुष्कळ फोटो घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. रेघ दर फोटोत वेगळ्या जागी असते आणि तारा तिथल्या तिथेच असतो, म्हणून रेघा गळून पडत आणि तारे उरत. पुढे रेघाच इतक्या झाल्या, की गाळून काही उरेना. तेव्हा नभदीप कंपनीनं अवकाशातल्या दुर्बिणींनी पूर्वी टिपलेल्या आकाशाचा एक प्रचंड नकाशा यंत्रातच भरला. रेघेखाली झाकलेला तुकडा यंत्र या नकाशातून उचलायचं आणि तिथे चिकटवायचं, जुन्या लुगड्याला ठिगळ लावावं तसं. आधी ठिगळं थोडी होती. मग अर्धं लुगडं ठिगळांचं झालं. आता तर लुगडंच नव्हतं. या यंत्राला डोळा लावायला काच नव्हती. जे दिसायचं ते मोबाइलवर. ढग असोत, धूळ असो, ‘एकही संध्याकाळ वाया जाणार नाही’ ही कंपनीची जाहिरात होती, आणि ती अक्षरशः खरी होती.

दुसऱ्या दिवशी सुवर्णानं माळ्यावरून आपला जुना कॅमेरा काढला. तिची मुलगी शाळेत असताना घेतलेला, स्वतःची अक्कल न चालवणारा कॅमेरा. बॅटरी फुगली होती, ती वडूजहून नवी मागवली. दिवसभर ती वाघजाईच्या माळावर मेंढ्यांना लसी टोचत होती. तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून तिला सगळे ओळखत. हात शेणानं भरो की रक्तानं, तिला त्याचं काही वाटत नसे. पण कुणी फसवलं, की मात्र तिचं डोकं फिरे.

संध्याकाळी तिनं पुष्याकडे कॅमेरा लावला आणि लहान लहान एक्स्पोजर घेत राहिली. बहुतेक फोटोंवर रेघांचा चिवडा झाला होता. पण निवडून, पाखडून काही चांगले निघाले. ते तिनं एकावर एक रचले आणि नभदीपच्या फोटोशेजारी ठेवले.

गुच्छाच्या दक्षिण कडेला, जिथे नकाशात काळोख होता, तिथे एक तारा होता.

मिणमिणता नव्हे, गुच्छातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांच्या तोडीचा. तिनं काच पुसली. कॅमेरा थोडा हलवून पुन्हा फोटो घेतले, म्हणजे आतल्या सेन्सरचा दोष असेल तर ठिपका जागा बदलेल. ठिपका ताऱ्यांबरोबर राहिला. तिनं द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांना लावायची साधी दुर्बीण, उचलली आणि गच्चीच्या कठड्याला कोपरं टेकून पाहिलं. होता. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसत होता.

तिनं लगेच म्हसवडला नसीम मुलाणीला फोन लावला. नसीम तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि मंडळात सुवर्णाखेरीज फक्त तिच्याकडेच अजून द्विनेत्री होती.

“नसीम, अंगणात जा. पुष्य बघ आणि काय दिसतं ते मला सांग. मी काही सांगणार नाही.”

“ताई, भाकरी थापतेय.”

“तवा उतरव.”

बराच वेळ फोनवर नुसती पावलं ऐकू आली, मग कुत्र्याचं भुंकणं, मग नसीमचा श्वास. “मधलं ताऱ्यांचं घर दिसतंय ते नेहमीचं... बाजूचे दोन... आणि ताई, खाली हा कोण? दक्षिणेला. हा तर नव्हता. खरंच नव्हता हा!”

सुवर्णा गच्चीवर फतकल मारून बसली आणि मोठ्यानं हसली.

असा एकाएकी दिसू लागतो तो नवतारा, पण नवतारा म्हणजे नवा जन्मलेला तारा नव्हे. एक मेलेला, पृथ्वीएवढा आक्रसलेला तारा असतो, श्वेतबटू म्हणतात त्याला. तो शेजारच्या जित्या ताऱ्याचा हायड्रोजन हजारो वर्षं आपल्याकडे ओढत राहतो. अंगावर त्याचा थर साचतो, दाबानं तापतो, आणि एक दिवस तो सगळा थर एकदम पेटतो. काही दिवसांत तारा हजारो पटींनी उजळतो आणि मग विझत जातो. हा पुष्याच्या फार मागे, आकाशगंगेच्या बाहेरच्या भागात असणार होता. तिथे नवतारे क्वचितच दिसतात. अशा वेळी पहिले दिवस सोन्याचे असतात, कारण उडालेल्या थरात काय काय होतं हे तेव्हाच्याच प्रकाशात वाचता येतं.

म्हणून तिनं वेळ घालवला नाही. त्याच संध्याकाळी तिनं ‘तारानोंद’वर फोटो चढवला. जगभरचे हौशी निरीक्षक याच जागी आपली निरीक्षणं पाठवत आणि वेधशाळाही याच जागेवरून बातम्या घेत. फोटो चढतो न चढतो तोच उत्तर आलं.

‘छायाचित्र अप्रमाणित. आकाशाच्या मान्य नकाशाशी जुळत नाही. फेरफार आढळला.’

तिनं नसीमचं नाव साक्षीदार म्हणून जोडून पुन्हा पाठवला. या वेळी तिच्याच नावापुढे लाल खूण आली.

बनावट चित्रांचा सुळसुळाट झाल्यापासून प्रत्येक फोटोवर खरेपणाची मोहोर लागत असे, आणि माणसाच्या नावालाही तशीच एक पत चिकटलेली असे. एका ठिकाणी कुणी लबाड ठरला, की बाकीची यंत्रंही त्याच्याकडे संशयानं पाहत. आकाशाचे फोटो तपासायचं कंत्राट नभदीपकडे होतं. तपासायची रीत सोपी होती. नकाशात आहे ते खरं, नकाशात नाही ते खोटं.

दोन दिवसांनी सोपान कोळेकर तिच्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. वीज पडून त्याची अर्धी मेंढरं गेली होती, आणि विम्यासाठी मेलेल्या जनावरांचे फोटो सुवर्णानंच काढले होते.

“डॉक्टरीणबाई,” तो डोक्यावरचं मुंडासं काढून म्हणाला, “त्ये इमावाले म्हंत्यात, तुमचं फोटू खोटं हायती.”

“काय?”

“मशीननं सांगितलंय म्हनं. डॉक्टरच बोगस हाय, असं कायतरी. म्या म्हनलं, आरं बाबा, मेंढरं तर पुरून आलोय, आता काय उकरून दावू?”

पंचवीस वर्षं सुवर्णा या तालुक्यात दाखले देत होती. कुणाच्या रदबदलीनं एकही खोटा दिला नव्हता. एकदा आमदाराच्या मेव्हण्याच्या म्हशीलाही दिला नव्हता. आणि आता एका ताऱ्यामुळे सोपानची मेंढरं मेलेली नव्हती.

“तुमचं काम होईल, सोपानराव,” ती शेवटी म्हणाली. “मी बघते.” कसं बघणार, हे तिला ठाऊक नव्हतं.

नभदीपचा विभागप्रमुख मिहिर ओगले त्याच आठवड्यात पुण्याहून आला. उद्योगपतींच्या लग्नात असतात तसले मऊ बूट आणि मऊ आवाज. मंडळाचं नवं आकाशदर्शन केंद्र कंपनीच्या मदतीनं उभं राहिलं होतं. टेकडीवर हॉल, मोठा पडदा, रांगेनं मांडलेली यंत्रं. शनिवार-रविवारी साताऱ्या-सोलापूरहून गाड्या भरून लोक यायचे. ओगलेनं आधी संग्रामची विचारपूस केली, चहाची तारीफ केली, आणि मग सुवर्णाकडे वळला.

“मॅडम, गैरसमज झालाय. तुम्ही तो फोटो मागे घ्या. चुकून चढवला, एवढं लिहायचं. लाल खूण मी आजच काढून देतो. तुमचे ते विम्याचे प्रश्नही मिटतील.”

“तारा आहे तिथे,” सुवर्णा म्हणाली.

“असेलही. पण आमच्या लाखो ग्राहकांना तो दिसलेला नाही.”

“तुम्ही दाखवलाच नाहीत, तर कसा दिसणार?”

“आमचं यंत्र आकाश जसं आहे तसंच दाखवतं, मॅडम.”

“जसं होतं तसं! माझ्या ओट्यावरून, पंख्याच्या पात्यातून दाखवलं तुमच्या यंत्रानं पुष्य. चला आत, दाखवते.”

ओगले हसला. हे हसणं बहुधा त्याला शिकवलेलं होतं. “लोकांना आनंद हवा असतो. लांबून येतात, पोराबाळांना घेऊन. त्यांना ढग दाखवायचे का आम्ही?”

“हो. ढग असतील तर ढगच दाखवायचे.” सुवर्णानं द्विनेत्री उचलून त्याच्यापुढे धरली.

“आजच्या आज उठून बाहेर बघा ना तुम्ही,” ती पुढे म्हणाली. “घ्या ही द्विनेत्री. अंधार पडायला आलाय. स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग मला खोटी म्हणा.”

त्यानं द्विनेत्रीकडे पाहिलं, ती घेतली नाही. “माझ्या बघण्यानं काय होणार, मॅडम? मी काही प्रमाण नाही.” आणि तो निघाला. दाराशी संग्रामला म्हणाला, “सर, तुम्ही समजवा.”

गाडी गेल्यावर संग्रामनं खरंच समजवायला घेतलं. केंद्र बंद पडेल, मुलांच्या सहली थांबतील, एक फोटो तर मागे घ्यायचा आहे, तारा काय पळून चाललाय.

“पळूनच चाललाय!” सुवर्णा ओरडली. “चढता उजेड गेला, कुणी मोजलाही नाही. तो आता परत मिळणार आहे का? आणि तुम्ही हे बोलता? पोरांना नकाशा शिकवताना तुम्हीच सांगायचात ना, की नदीनं पात्र बदललं तर नकाशा बदलायचा, नदी नाही?”

आणि अचानक तिला ती पहिली संध्याकाळ आठवली.

“त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं झाकणाचं? मी तर सांगितलंच नव्हतं.”

संग्राम खुर्चीत बसला. तिच्याकडे पाहायचं म्हणून त्यानं मान वळवली, म्हणजे त्याची नजर भिंतीकडे गेली.

“मलाही तसंच झालं होतं,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. झाकण राहिलं आणि कृत्तिका आल्या.”

“दोन वर्षं! आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“सुवर्णा, मला आकाशात आता काही दिसत नाही. काही म्हणजे काहीच. पुष्याकडे बघायला गेलो, की तिथे राखाडी भोक असतं. मोबाइल डोळ्याला चिकटवून, फोटो मोठा करून कडेकडेनं बघितला, की एकेक तारा हाती लागायचा. मला वाटायचं, काल रात्रीचा प्रकाश आहे हा, तिथून निघालेला. मग ते झाकण बसलेलंच निघालं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.”

सुवर्णाचा राग विझला नाही. उलट त्याला धार आली, पण आता तो या खोलीत मावेना. ज्या माणसानं तिला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात याच गच्चीवर बोटानं एकेक नक्षत्र दाखवलं होतं, त्याला आंधळा होताना पाहून कुणीतरी छापील आकाश विकलं होतं, आणि वर ‘आजचं’ असा शिक्काही मारला होता.

“मी फोटो मागे घेणार नाही,” ती म्हणाली.

“घेऊ नकोस,” संग्राम म्हणाला. मग त्यानं विचारलं, “ते फोटो तपासतात. चित्रं तपासतात का?”

“कसली चित्रं?”

“पेन्सिलीनं काढलेली. कागदावर गोल काढायचा, आत दिसले तेवढे ठिपके. आमच्या लहानपणी निरीक्षणं अशीच तर पाठवायचे लोक. तारानोंदवर रेखाटनांचा रकाना अजून असेल. त्याला मोहोर लागत नाही, कारण ती पाठवतच नाही कुणी.”

रकाना होता.

मग त्या घरात जे सुरू झालं ते पाहायला नसीम म्हसवडहून धावत आली. संग्रामनं आपले विद्यार्थी आठवायला सुरुवात केली. माण तालुक्यातला घरटी एक गडी फौजेत. निवृत्त होऊन आलेल्या सुभेदार-हवालदारांच्या ट्रंकेत दुर्बिणी होत्या. मायणीच्या तलावावर पक्षी मोजणारे होते. वनखात्याचे दोन पहारेकरी होते. सांगलीचा एक जण क्रिकेटचे सामने बघायला दुर्बीण न्यायचा. संग्राम प्रत्येकाला तेच सांगत होता, तोच जुना वर्गातला आवाज लावून: “मिथुनेतले दोन ठळक तारे आणि सिंहेतली मघा, यांच्या मधोमध धुरकट डाग दिसेल. दुर्बीण लाव. जे दिसतं ते काढ. दिसत नाही ते काढू नकोस. शेजाऱ्याचं बघून तर मुळीच काढू नकोस, मला कळतं.”

नवा तारा कुठे आहे, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ही अट सुवर्णाची होती.

चित्रं येऊ लागली. कुणी वहीच्या पानावर, कुणी पंचांगाच्या मागे. एका सुभेदारानं रणभूमीचा आराखडा काढावा तसे बाण काढून अंतरं दिली होती. एका पक्षीवाल्या बाईंनी ठिपके रंगवले होते. काहींची चित्रं इतकी गचाळ होती, की नसीम कपाळाला हात लावत होती. पण जवळजवळ प्रत्येक गोलात, दक्षिणेच्या कडेला, ज्या जागी नकाशात अंधार होता त्या जागी, पेन्सिलीचा एक ठळक ठिपका होता.

सुवर्णानं ती सगळी रेखाटनं तारानोंदवर चढवली. यंत्राला त्यात तपासण्यासारखं काही सापडलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या एका वेधशाळेत काम करणाऱ्या तरुण संशोधिकेनं ती पाहिली, तिला आधी हसू आलं, मग तिनं सहज म्हणून दुर्बीण तिकडे वळवून वर्णपट घेतला. तिचं पत्र आलं ते असं, की नवतारा आहे, निःसंशय आहे, आणि तो उजळत असतानाची एकमेव नोंद म्हणजे तुमचा तो नाकारलेला फोटो. हा फोटो नाकारला कुणी, असंही तिनं विचारलं होतं.

कंपनीनं नकाशा त्याच संध्याकाळी बदलला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या नभदीप यंत्रांत पुष्याच्या कडेला नवा तारा चमकू लागला. ढगांतून, छतांतून, झाकणांतूनही. जाहिरात आली, ‘आमच्या परिवारानं शोधलेला तारा.’ सुवर्णाच्या नावापुढची लाल खूण गुपचूप गेली. माफीचा शब्द नाही. सोपान कोळेकरचा दावा मंजूर झाला, पण त्यालाही कुणी सांगितलं नाही, की मधले दिवस त्याची मेंढरं खोटी का होती. सुवर्णानं कंपनीला चार पत्रं लिहिली. प्रत्येकाला तेच उत्तर आलं, की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

संग्रामनं मंडळाचं अध्यक्षपद सोडलं नाही. तेवढा हट्ट त्यानं केला. हॉलबाहेर त्यानं सिमेंटचे ओटे बांधून घेतले आणि त्यांवर जुन्या द्विनेत्री बसवल्या. येणाऱ्यांना तो आधी तिकडे नेई. रोज संध्याकाळी गच्चीवर तो सुवर्णाशेजारी बसे आणि विचारे, “आज केवढा?” ती शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून सांगे. आज याच्याएवढा. आज त्याहून कमी. तारा उतरत होता, नवतारे उतरतात तसा. एप्रिलच्या मध्यावर ती बराच वेळ द्विनेत्री लावून बसली आणि म्हणाली, “नाही. आज काही नाही तिथे.” तिच्या जुन्या कॅमेऱ्यालाही तो सापडला नाही.

यंत्रांत मात्र तो होता. नकाशात एकदा शिरला तो शिरला. केंद्रावर आलेल्या एका बाईंनी बाहेर द्विनेत्रीतून पाहिलं, आत जाऊन पडद्यावर पाहिलं, आणि परत येऊन सुवर्णाला समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मॅडम, तुमची ही दुर्बीण बदलून घ्या. ह्यात तो तारा दिसतच नाही.”

मे महिन्यात पुण्याहून एक मोठं खोकं आलं. आत काचेची चौकट, कंपनीकडून सप्रेम भेट. पुष्याचा भला थोरला फोटो, अप्रतिम छपाई, आणि दक्षिण कडेला तो तारा, पहिल्या दिवसासारखा टवटवीत. खाली सोनेरी अक्षरांत ‘डॉ. सुवर्णा जगदाळे यांचा नवतारा. आजचं आकाश. प्रमाणित.’ आणि तारीख. मे महिन्याचीच, गेल्या मंगळवारची.

“कसा आलाय?” संग्रामनं विचारलं.

“मंगळवारी दिवसभर वळीव होता,” सुवर्णा म्हणाली. “रात्रीही ढग. आणि ढग नसते तरी...”

ती उठली. गाडीच्या डिकीत मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंगाचा जाड पेन होता, तो घेऊन आली. चौकट जमिनीवर आडवी ठेवली, गुडघे टेकून बसली, आणि काचेवरून, सगळ्या ताऱ्यांच्या मधून, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत लिहीत गेली. रंग पक्का होता, धुऊन जाणारा नव्हता.

“काय लिहितेस?”

तिनं वाचून दाखवलं. “या रात्री हा तारा इथे नव्हता.”

चौकट केंद्राच्या हॉलमध्ये, पडद्याच्या अगदी शेजारी लावायची, हे दोघांनाही न बोलता कळलं होतं.

“खाली सही कर,” संग्राम म्हणाला. “दाखल्यावर करतेस तशी, पूर्ण नावानं. आणि मोठी कर. माझ्यासारख्यालाही वाचता आली पाहिजे.”